प्रतिकृती मंडळ : मोजमाप, उपक्रम आणि रंगकामाच्या युक्त्या



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात एक ठरलेलं दृश्य दिसतं. ज्वालामुखी, पवनचक्की, धरण, मानवी हृदय, सगळं तयार मिळतं. आई-बाबा घेतात, मूल उचलून शाळेत आणतं आणि आपण त्यावर शेरा देतो, ‘छान!’ या सगळ्यात मुलाचा हात कुठे लागला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मुलाला मात्र त्याचं उत्तर बरोबर माहीत असतं.

यावर उपाय म्हणून आम्ही शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘प्रतिकृती मंडळ’ सुरू केलं. दर शनिवारी सलग दोन तासिका, एका वेळी १५-१६ मुलं, बारा आठवडे. त्या मंडळात काय काय केलं, कोणता उपक्रम कोणत्या क्रमाने घ्यावा आणि रंगकाम कसं शिकवावं, हे या लेखात सविस्तर मांडतो आहे. महागड्या साहित्याची गरज नाही. कार्यानुभवाच्या तासाला किंवा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांगितलेल्या दप्तराविना दिवसांतही हे सहज बसतं.

खेळणं आणि प्रतिकृती

पहिल्या दिवशी मी टेबलावर दोन मोटारी ठेवतो. एक जत्रेत मिळणारी प्लॅस्टिकची, दुसरी खालच्या बाजूला १:६४ असं कोरलेली. ‘दोघींत फरक काय?’ असं विचारलं की मुलं रंग सांगतात, किंमत सांगतात, चाकं सांगतात. मग एखादी मुलगी उलटून बघते आणि विचारते, ‘सर, हे १:६४ काय आहे?’ इथून धडा सुरू होतो.

प्रतिकृतीमध्ये मूळ वस्तूची प्रत्येक लांबी एकाच संख्येने भागलेली असते. लांबी ६४ने भागली आणि रुंदी ५०ने, असं चालत नाही. नकाशात जे प्रमाण असतं तेच इथे असतं. फक्त नकाशा कागदावर सपाट असतो आणि प्रतिकृती तिन्ही बाजूंनी उभी राहते.

यानंतर मी एक प्रश्न नेहमी विचारतो : ‘एकाच विमानाच्या दोन प्रतिकृती आहेत. एक १:७२, दुसरी १:२४. मोठी कोणती?’ निम्म्याहून जास्त हात १:७२ साठी वर जातात. ७२ हा आकडा मोठा, म्हणून वस्तू मोठी! अपूर्णांक शिकवताना हीच चूक आपण रोज पाहतो : १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो. फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी जे डोक्यात बसत नाही, ते दोन्ही वस्तू हातात घेतल्यावर पटकन बसतं. १:२४ची प्रतिकृती १:७२च्या तिप्पट लांब असते. आता पुढचा प्रश्न : ‘मग रंग किती पट लागेल?’ तिप्पट नाही, नऊ पट. कारण रंग पृष्ठभागाला लागतो. ‘आणि तीच वस्तू मातीची भरीव केली तर माती किती पट?’ सत्तावीस पट. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांचं नातं आठवीच्या मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येईल असं मला वाटत नाही.

१:७२ हा आकडा आला कुठून?

मुलांना असे विचित्र आकडे बघून आश्चर्य वाटतं. १:१०० का नाही? कारण हे प्रमाण फूट-इंचाच्या देशात जन्मलं. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे १:७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये एका फुटाचा पाव इंच होतो. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात विमानांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी १:७२ रूढ झालं आणि आजही ते जगभर चालतं.

शाळेशी जोडलेली एक गोष्ट इथे आवर्जून सांगावी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाला विमानं ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी प्रतिकृती हव्या होत्या. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखता आलं नाही तर आपल्याच माणसावर गोळी सुटायची. हे काम तिथल्या शाळांतल्या मुलांवर सोपवलं गेलं. मागणी होती पाच लाख प्रतिकृतींची : ५० प्रकारची विमानं, प्रत्येकी १०,०००. प्रमाण १:७२, साहित्य लाकूड, रंग काळा. मुलांनी केलेली प्रतिकृती साच्याला लावून तपासायचे आणि आकारात बसली तरच स्वीकारायचे.

काळा रंग का? कारण दूरच्या विमानाचा रंग दिसत नाही, बाह्याकार दिसतो. आणि ३५ फुटांवरून पाहिलेली १:७२ची प्रतिकृती किती अंतरावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसेल? ३५ गुणिले ७२ म्हणजे २,५२० फूट, जवळजवळ अर्धा मैल. हा गुणाकार मी मुलांकडूनच करून घेतो. आपल्याएवढ्याच मुलांच्या मोजमापावर कुणाचा तरी जीव अवलंबून होता, हे समजलं की वर्गात पट्टी जरा जपून धरली जाते.

मंडळाची मांडणी

साहित्य साधं ठेवावं : जाड पुठ्ठा (वहीच्या पाठीमागचा, बूट-चपलांच्या खोक्यांचा), आइस्क्रीमच्या काड्या, आगपेटीच्या काड्या, फेविकॉल, स्टीलची पट्टी, कात्री, पॉलिश पेपर, ॲक्रिलिक रंग, दोन-तीन आकारांचे ब्रश आणि जुनी सुती फडकी. थर्माकोल टाळावा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच, शिवाय तो कापताना भुगा उडतो आणि स्प्रेच्या रंगातल्या द्रावकाने चक्क विरघळतो. प्लॅस्टिकचा विकतचा संच हवाच असेल तर मंडळासाठी एकच घ्यावा आणि तो शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवावा.

चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटात कामं वाटून द्यायची : मोजणारा, कापणारा, जोडणारा, नोंद ठेवणारा. दर शनिवारी कामं बदलायची. नाही तर चित्रकला चांगली असलेलं मूल बाराही आठवडे ब्रश धरतं आणि बाकीचे फेविकॉलची बाटली धरून बसतात.

प्रत्येक मुलाची एक वही असावी. डाव्या पानावर खरं माप, उजव्या पानावर प्रतिकृतीचं माप. मागच्या पानांवर रंगांचे प्रयोग : कोणत्या रंगाचे किती थेंब, त्याखाली रंगाचा ठिपका. पुढच्या आठवड्यात तोच रंग पुन्हा करायचा तर ही नोंद लागतेच.

उपक्रम पहिला : आपला बाक, आपला वर्ग

सुरुवात समोरच्या वस्तूपासून करावी. बाक मोजायचा आणि १:१० मध्ये पुठ्ठ्याचा करायचा. १२० सेंटिमीटरचा बाक १२ सेंटिमीटरचा होतो. भागाकार इतका सोपा की सगळं लक्ष कापण्यावर आणि जोडण्यावर देता येतं.

दुसऱ्या आठवड्यात वर्ग, १:५० मध्ये. साडेसात मीटर लांबीचा वर्ग १५ सेंटिमीटरचा होतो. आता आधीचा बाक यात ठेवून बघायला सांगावं. वर्गाच्या मानाने तो अवाढव्य दिसतो! एकाच देखाव्यातल्या सगळ्या वस्तू एकाच प्रमाणात हव्यात, हा नियम मुलं स्वतःच शोधून काढतात.

तिसऱ्या आठवड्यात शाळेची इमारत. तिची उंची कशी मोजायची? गच्चीवर चढून टेप सोडायची नाही. एक मीटरची काठी उन्हात उभी करा. तिची सावली ६० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी इमारतीची सावली ५.४ मीटर पडली, तर इमारतीची उंची ९ मीटर. समरूप त्रिकोण पुस्तकात येण्याआधी मैदानात येऊन जातात.

उपक्रम दुसरा : दिवाळीचा किल्ला

आपल्या मुलांना प्रतिकृतीची कला नवी नाही. दिवाळीत अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात दगड-मातीचा किल्ला होतोच. त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात, महाराज सिंहासनावर बसवतात. म्हणून सहामाही परीक्षा झाली की हा उपक्रम घ्यावा.

बाजारातला एक मावळा मोजायला द्या. समजा तो ५ सेंटिमीटरचा आहे. खरा माणूस १६५ सेंटिमीटरचा धरला तर प्रमाण झालं १:३३. आता रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. १:३३ मध्ये तो किती उंच करावा लागेल? जवळजवळ २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा! उलट अंगणातला किल्ला ६० सेंटिमीटरचा ठेवला, तर मावळा केवढा हवा? सव्वा मिलिमीटरच्याही आतबाहेर, मोहरीच्या दाण्याएवढा.

इथे मुलं हसतात. हसू द्यावं, पण अंगणातला किल्ला ‘चुकीचा’ आहे असं म्हणू नये. तिथे महाराज मोठे दिसावेत हाच हेतू असतो. देवळातल्या शिल्पांतही मुख्य मूर्ती मोठी आणि सेवक लहान असतात. आपल्याला काय दाखवायचं आहे त्यावर प्रमाण ठरतं, एवढं मुलांना कळलं की पुरे.

मग गटाला काम द्यावं : संपूर्ण किल्ला नको, फक्त एक दरवाजा आणि शेजारचा बुरूज, मावळ्याच्या प्रमाणात. चार मीटर उंचीचा दरवाजा १२ सेंटिमीटरचा होतो, नऊ मीटरचा बुरूज २७ सेंटिमीटरचा. दरवाजात मावळा उभा केला की तो दरवाजा एकदम खरा वाटायला लागतो. शक्य असेल तर आधी जवळच्या किल्ल्यावर सहल न्यावी आणि दगडांच्या थरांची उंची मोजून आणावी.

उपक्रम तिसरा : फूटपट्टीवर विक्रांत

आयएनएस विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. भारताने ती ब्रिटनकडून १९५७ साली घेतली आणि १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१च्या युद्धात ती बंगालच्या उपसागरात होती. १९९७ साली निवृत्त झाल्यावर ती काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पालकांपैकी काहींनी लहानपणी ती पाहिलीही असेल. २०१४ मध्ये ती मोडीत काढली गेली. आता ती पाहायची तर फोटोत किंवा प्रतिकृतीत.

तिची लांबी ७०० फूट. जहाजांच्या प्रतिकृतींसाठी जगभर एक प्रमाण वापरतात, १:७००. म्हणजे विक्रांतची प्रतिकृती बरोबर एक फुटाची, आपल्या फूटपट्टीएवढी. प्रत्येक मुलाने आपली पट्टी कागदावर ठेवून नौकेचा वरून दिसणारा आकार काढायचा. तिच्यावरचं सी हॉक विमान सुमारे १२ मीटरचं होतं, १:७०० मध्ये ते १७ मिलिमीटरचं होतं. विमान कागदाचं कापून डेकवर ठेवलं की मुलं आपोआप पुढचा प्रश्न विचारतात : ‘एवढ्याशा जागेत विमान थांबायचं कसं?’ त्याचं उत्तर शोधून आणणं हा गृहपाठ. (विमानाच्या शेपटीकडचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो.)

उपक्रम चौथा : रुळांचं कोडं

आठवीसाठी हे उत्तम आहे. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी १:८७ हे प्रमाण खूप चालतं. त्यानुसार रुळांमधलं अंतर हवं सुमारे १९.३ मिलिमीटर. पण या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ असतात १६.५ मिलिमीटरचे. फरक का? १६.५ला ८७ने गुणा. उत्तर येतं सुमारे १,४३५. हे युरोप-अमेरिकेतल्या स्टँडर्ड गेजचं माप आहे. म्हणजे आपलं इंजिन १:८७ मध्ये बरोबर केलं तरी त्या रुळांवर ठेवताना चाकं आत घ्यावी लागतात. ही तडजोड करायची की रूळ स्वतः बनवायचे, यावर आमच्या वर्गात अर्धा तास वाद झाला होता. पुण्याजवळच्या शाळांनी कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयाला भेट अवश्य द्यावी. तिथे चालत्या गाड्या बघताना मुलांना असे अनेक प्रश्न सुचतात.

रंगकाम : घाई केली की फसलं

आता रंगाकडे येऊ. नव्वद टक्के मुलांना रंगवायचीच घाई असते आणि चांगली बनलेली वस्तू रंगातच बिघडते. म्हणून खालच्या गोष्टी एकेक करून शिकवाव्यात.

१. *आधी स्वच्छता.* प्लॅस्टिकचे सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवावेत. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा आणि हाताचा घाम राहिला तर रंग धरत नाही.

२. *अस्तर.* पुठ्ठ्यावर थेट पाण्याचा रंग लावला की तो फुगतो आणि वाकतो. फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना एक हात द्यावा. एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा त्या बाजूला वळतो. प्लॅस्टिकवर प्रायमर हवाच. पोस्टर कलर प्लॅस्टिकवर टिकत नाही, नखाने निघतो.

३. *रंग दुधासारखा पातळ.* ट्यूबमधला रंग तसाच लावला तर ब्रशच्या रेघा उठतात आणि बारीक नक्षी बुजते. थोडं थोडं पाणी घालून रंग दुधाइतका पातळ करावा. पहिला हात दिल्यावर खालचं दिसतच राहतं आणि मुलं घाबरतात. ‘दिसू दे, वाळू दे’ हे वाक्य मी दर शनिवारी वीसदा म्हणत असेन. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात आडवा द्यावा, पहिला उभा असेल तर. दोन-तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले.

४. *अर्धवट वाळलेल्या रंगाला हात लावू नये.* एखादी जागा राहिली म्हणून तिथे पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उखडतो. राहिलेलं पुढच्या हाताला सुधारतं.

५. *फिका आधी, गडद नंतर.* पिवळा आणि लाल हे रंग झाकणारे नसतात. काळ्यावर पिवळा कितीही लावा, तो हिरवटच दिसतो. त्यांच्याखाली पांढरं किंवा फिकं अस्तर असावं.

६. *रंग थोडा फिकट करावा.* सह्याद्रीचे दूरचे डोंगर निळसर-फिके दिसतात ना? मध्ये हवा असते म्हणून. लहान प्रतिकृती पाहताना आपण जणू दुरून खरी वस्तू पाहत असतो, त्यामुळे डब्यावरचा मूळ रंग जसाच्या तसा लावला तर ती काळवंडलेली आणि खेळण्यासारखी दिसते. दहा थेंबांना एखादा थेंब पांढरा किंवा फिका करडा घालावा. लालमध्ये मात्र पांढरा घालू नये, गुलाबी होतो. थोडा केशरी घालावा. टायरला शुद्ध काळा न देता गडद करडा द्यावा.

७. *खाचांसाठी पाणीदार रंग.* एक भाग गडद रंग, आठ-दहा भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. हे मिश्रण ब्रशने सोडलं की ते दगडांच्या सांध्यांत आपोआप उतरतं. साबणामुळे ते थेंबासारखं साचून न राहता पसरतं. विज्ञानातला पृष्ठताण इथे दाखवून द्यावा.

८. *उंचवट्यांसाठी कोरडा ब्रश.* ब्रशला फिका रंग लावायचा आणि तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. मग दगडांवरून हलकेच फिरवायचा. फक्त कडांना रंग लागतो आणि सपाट पुठ्ठा एकदम दगडासारखा दिसतो. मुलांना सर्वांत जास्त आनंद याच वेळी होतो. काळ्या कातळाच्या बुरुजाला गडद करड्यावर फिका करडा, कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीला विटकरी तपकिरीवर फिका केशरी.

९. *धूळ आणि चिखल.* शिक्षकाकडे कधीच न संपणारी वस्तू म्हणजे खडू. रंगीत खडूची पूड करून मऊ ब्रशने चाकांवर, पायऱ्यांवर लावावी. पण आधी निरीक्षण हवं. एसटीच्या कोणत्या भागावर चिखल जास्त उडतो? कोकणातला चिखल लाल, देशावरचा काळा. सगळीकडे सारखा चिखल लावलेली गाडी खोटी दिसते.

१०. *चित्रपट्ट्या.* संचासोबत येणारी चिन्हं कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवून मग सरकवायची असतात. खालचा पृष्ठभाग चकचकीत असेल तरच ती नीट बसतात. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग चिन्हं, आणि शेवटी हवं तर मॅट वार्निश.

११. *ब्रशची काळजी.* रंग ब्रशच्या धातूच्या पट्टीपर्यंत जाऊ देऊ नये. पाण्याच्या भांड्यात ब्रश टोकावर उभा करून ठेवला की टोक कायमचं वाकतं. तास संपायच्या दहा मिनिटं आधी ब्रश साबणाने धुणं हा प्रत्येकाचा नियम.

एक घरगुती युक्तीही सांगतो. ॲक्रिलिक रंग आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत वाळतो. जुन्या चपट्या डब्यात ओला स्पंज ठेवून वर बटर पेपर पसरावा आणि त्यावर रंग घ्यावा. झाकण लावून ठेवलं तर रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

सुरक्षितता

कटर फक्त शिक्षकाच्या हातात. मुलांनी कात्री वापरावी. प्लॅस्टिकचे भाग चौकटीतून सोडवायला नेलकटर उत्तम चालतो. घासताना पॉलिश पेपर ओला करून घासावं म्हणजे भुगा नाकात जात नाही. क्षणात चिकटणारा गोंद, थिनर लागणारे इनॅमल रंग आणि स्प्रे वर्गात आणू नयेत. स्प्रे प्रायमर मारायचाच असेल तर शिक्षकाने मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क लावून मारावा. ब्रशला टोक आणायला तो तोंडात घालायची सवय बऱ्याच मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी.

पालकांशी दोन गोष्टी

पहिल्या वर्षीच्या प्रदर्शनात एका मुलाचा बुरूज सर्वांत देखणा होता. आदल्या रात्री त्याच्या बाबांनी तो पुन्हा रंगवला होता, प्रेमानेच. येणारे-जाणारे कौतुक करत होते, पण मुलगा टेबलापाशी उभाच राहीना. मी कारण विचारलं तर म्हणाला, ‘सर, माझ्या दगडांच्या रेषा यात नाहीत.’ त्याच्या वहीत त्या रेषांचं माप होतं, दर थराला ९ मिलिमीटर. बाबांनी नंतर वही पाहिली आणि कितीतरी वेळ पान उलटलं नाही. पुढच्या वर्षी तेच बाबा मंडळात शनिवारी येऊन मुलांना टेप धरायला मदत करत होते. ब्रशला त्यांनी हात लावला नाही.

म्हणून पालकांना विनंती : वाकडं झालेलं सरळ करायला जाऊ नका. ‘हे काय केलंस?’ ऐवजी ‘हे कसं केलंस?’ असं विचारा. खोक्यावरच्या चित्राशी तुलना करू नका. घरात एक ताट किंवा ट्रे द्या, ज्यावर अर्धवट काम आठवडाभर तसंच राहील आणि कुणी आवरणार नाही. मोबाइल बाजूला ठेवून अर्धा तास शेजारी बसलात तरी पुष्कळ झालं. मूल एरवी जे बोलत नाही ते हात कामात असताना बोलतं, हा माझा अनुभव आहे.

मूल्यमापन

देखणेपणाला गुण देऊ नयेत, नाही तर तयार प्रतिकृती पुन्हा मागच्या दाराने येतात. आम्ही २० गुणांची विभागणी अशी करतो :

• मोजमाप आणि हिशोब : ५
• कापणं-जोडणं : ५
• रंगकामाच्या पायऱ्या पाळणं : ५
• वही आणि स्वतःच्या शब्दांत सांगणं : ५

मोजमाप तपासताना मुलांनाच हिशोब करायला लावावा. १:७२ मध्ये एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षात ७२ मिलिमीटर, जवळजवळ तीन इंच. ‘एवढंसं तर चुकलंय, सर’ म्हणणारं मूल हा गुणाकार केल्यावर स्वतःच भाग सोडवून पुन्हा कापायला घेतं. आणि शेवटच्या पाच गुणांसाठी एकच प्रश्न पुरतो : ‘यातलं कोणतं काम सर्वांत अवघड गेलं?’ ज्याने स्वतः केलंय ते मूल लगेच बोट ठेवून दाखवतं.

बाराव्या शनिवारी प्रदर्शन भरवावं. प्रत्येक प्रतिकृतीखाली मुलाचं नाव, प्रमाण आणि खरं माप लिहावं. शेजारी वही उघडी ठेवावी. बक्षीस नको. पहिली ते चौथीच्या मुलांना बघायला बोलवावं आणि मोठ्या मुलांनी त्यांना समजावून सांगावं.

मित्रांनो, या मंडळातून सगळेच इंजिनिअर किंवा चित्रकार होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण वस्तूकडे नीट बघणं, मोजणं, वाळेपर्यंत थांबणं आणि चुकलेलं पुन्हा करणं या चार सवयी कोणत्याही विषयात उपयोगी पडतात. आपल्या शाळेत एकच उपक्रम करून बघायचा असेल तर बाकापासून सुरुवात करा. एक टेप, एक पुठ्ठा आणि दोन तासिका एवढं पुरेसं आहे.